बारा वाजता कोरडं होणारं पान

“खोडी करून ठेवली आहे,” आई म्हणाली आणि चष्मा डोक्यावर सरकवून आमच्या तोंडांकडे बघत बसली.

शनिवार होता. सप्टेंबर संपत आला होता आणि दिंडोरीकडच्या बागांमध्ये द्राक्षाच्या छाटणीची तयारी चालू होती. केंद्राच्या हवामान-खोलीत आम्ही तिघी होतो: आई, तिची पीएचडीची विद्यार्थिनी अंजुम शेख आणि मी. त्या केंद्राचं नाव इथे सांगत नाही. बागाईतदारांनीच वर्गणी काढून उभं केलेलं ते लहानसं केंद्र होतं आणि आई, म्हणजे डॉ. मंदाकिनी खैरनार, तिथे द्राक्षावरच्या रोगांचा अभ्यास करायची. तिने एक प्रोग्राम लिहिला होता. गावोगावच्या हवामान यंत्रांकडून ऊन, पाऊस, दव यांचे आकडे यायचे. त्यावरून डाऊनी नावाचा बुरशीचा रोग कुठल्या भागात उतरणार, हे प्रोग्राम ठरवायचा आणि तिथल्या बागाईतदारांच्या फोनवर मेसेज जायचा: आज फवारणी करा.

“किती अवघड आहे, मॅडम?” अंजुमने विचारलं.

“सोपी आहे. दिघावकरांना सुद्धा सापडेल.”

“म्हणजे फारच सोपी,” मी म्हणाले.

“कृतू, ते केंद्रप्रमुख आहेत. त्यांच्याबद्दल असं बोलायचा अधिकार फक्त मला आहे.”

या खोड्यांना एका अर्थी मीच कारण होते. मी पुण्यात संशोधकांचे प्रोग्राम दुरुस्त करण्याची नोकरी करते. शास्त्रज्ञ हुशार असतात, पण त्यांचे प्रोग्राम म्हणजे पाहुणे यायच्या आधी पलंगाखाली ढकललेला पसारा असतो. आईच्या संगणकात मला एकदा एकाच प्रोग्रामच्या तीन प्रती सापडल्या होत्या: ‘शेवटचा’, ‘शेवटचा_खरा’ आणि ‘शेवटचा_देवाशप्पथ’. चालू होता तो यांतला एकही नव्हता. मग मी तिला गिट वापरायला लावलं. त्यात प्रोग्रामची कुठली ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली हे कायमचं राहतं. शिवाय बजावलं की दुसऱ्या कोणी पूर्ण वाचल्याशिवाय प्रोग्राम हंगामासाठी चालू करायचा नाही.

गिट तिने तिच्या पद्धतीने स्वीकारलं. वर्षभराचं काम साठवून एकदम टाकायची, महिन्याचे कपडे एकाच दिवशी धुवायला काढावेत तसं. वाचनाची अट मात्र तिला मनापासून पटली. अडचण वाचणाऱ्यांची होती.

“नुसतं वाचा म्हटलं की कोणी वाचत नाही,” ती म्हणाली होती. “मान हलवतात आणि ‘छान आहे, मॅडम’ म्हणतात. घरात चोर शिरलाय म्हणून सांग, लगेच सगळी कपाटं उघडून बघतील.”

तेव्हापासून ती दर हंगामाआधी प्रोग्राममध्ये स्वतःच एक चूक घालून ठेवायची आणि तसं जाहीर करायची. आम्ही ती शोधायची. सापडली तर मिसळ आईकडून, नाही सापडली तर आमच्याकडून. न सापडलेली खोडी चालू करायच्या आदल्या दिवशी ती स्वतः काढून टाकायची आणि वर्षभर आम्हाला ऐकवायची. खोडी कशी असावी याचेही तिचे नियम होते. प्रोग्राम जास्त घाबरला तर चालेल, बेफिकीर झालेला चालणार नाही. ती म्हणायची, नसलेल्या रोगाचा इशारा गेला तर शेतकरी मला शिव्या देईल, आणि त्या मी ऐकेन. असलेल्या रोगाचा गेला नाही तर बाग जाईल. त्यात गंमत नाही.

“कुठे घातलीस ते लिहून तरी ठेव,” मी त्या दिवशी म्हणाले. “उद्या तूच विसरलीस तर?”

“लिहून ठेवलं की ही अंजुम खोडी शोधणार नाही, कागद शोधेल.”

“मॅडम! मागच्या वर्षी फक्त एकदाच तुमचा ड्रॉवर उघडला होता.”

“स्टेपलर घ्यायला. आठवतंय मला. स्टेपलर तुझ्या हातातच होता.”

संध्याकाळी तिने मला बसस्टँडवर सोडलं. स्कूटर चालू ठेवूनच म्हणाली, “पुढच्या शनिवारपर्यंत सापडली नाही तर मिसळीबरोबर जिलबीसुद्धा.” मी म्हणाले, “तुला साखर वर्ज्य आहे.” ती म्हणाली, “म्हणून तर तुमच्या पैशाने खायची. आपल्या पैशाने पथ्य मोडलं की मनाला लागतं.” मग हॉर्न वाजवून गेली.

रविवारी सकाळी आई गेली. गॅसवर दूध ठेवलेलं होतं. करपल्याचा वास आला म्हणून शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची किल्ली आणून दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. तिला काही कळलं नाही असं कोणी म्हणावं, हे तिला अजिबात आवडलं नसतं.

पाचव्या दिवशी डॉ. दिघावकर भेटायला आले. उंच, सुती सफारीतला, बोलताना दोन्ही हात पाठीमागे बांधणारा माणूस. घसा साफ करून म्हणाले, “कृत्तिका, ही वेळ विचारायची नाही हे समजतं मला. पण ती... ती खोडी कुठे आहे?”

“मला माहीत नाही, सर.”

“कोणालाच नाही?”

“आईला होतं.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “छाटण्या सुरू झाल्या. आता रोज मेसेज जायला हवेत. नवीन प्रोग्राममध्ये मुद्दाम घातलेली चूक आहे, हे ठाऊक असताना मी तो चालू कसा करू? मागच्या वर्षीचा जुनाच चालवतो. त्यातली खोडी सापडली होती. तो सुरक्षित आहे.”

“मग आईचं वर्षभराचं काम?”

“पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले. पुढच्या वर्षी कोणी बघत नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ज्याचा माणूस गेला तो प्रोग्राम एका हंगामात शिळा होतो. मी आठवड्याची मुदत मागितली. ते नाही म्हणू शकले नाहीत. सुतकातल्या माणसाला नाही म्हणणं कठीण असतं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून अंजुम लॅपटॉप घेऊन घरी यायला लागली. जुन्या आणि नव्या प्रोग्रामची तुलना करून भागण्यासारखं नव्हतं, कारण आईने निम्म्याहून जास्त ओळी बदलून एकाच दिवशी टाकल्या होत्या. म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. एक ओळ तिने मोठ्याने वाचायची, पुढची मी. भेटायला आलेल्या बायका दारातून हे बघायच्या. मालेगावच्या मावशीने शेवटी विचारलंच, “हे काय वाचताय गं दोघी? मराठी तर वाटत नाही.”

“मॅडमचंच आहे, मावशी,” अंजुम म्हणाली.

“रोज वाचायचं असतं का?”

“संपेपर्यंत.”

मावशी तेवढ्याने समाधान पावली. दुसऱ्या दिवशी टेबलावर तिने उदबत्ती लावून ठेवली होती. मला आईची प्रतिक्रिया इतकी स्पष्ट ऐकू आली, की मी वळून पाहिलं.

चौथ्या दुपारी अंजुम वाचता वाचता थांबली. ओळ परत वाचली, मग मनात वाचली. आणि एकदम खुर्चीत मागे रेलून हसायला लागली.

“काय झालं?”

“ताई, रात्री बारा वाजता पान कोरडं होतं!”

“कुठलं पान?”

“सगळी! अख्ख्या जिल्ह्यातली, एका दमात!” तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

डाऊनीच्या बुरशीला पान सलग बरेच तास ओलं लागतं. म्हणून प्रोग्राम ओले तास मोजत जातो आणि पुरेसे भरले की इशारा देतो. पण तारीख बदलली की ही मोजणी परत शून्यापासून सुरू होत होती. संध्याकाळी दव पडून पान पहाटेपर्यंत ओलं राहिलं, तरी प्रोग्रामच्या हिशेबी बाराच्या ठोक्याला ते खडखडीत कोरडं होऊन पुन्हा नव्याने भिजायला लागत होतं. एका लांब रात्रीचे दोन तुकडे व्हायचे आणि दोन्ही तुकडे अपुरे ठरायचे.

“बुरशीला सांगायचं, बारा वाजले, शिफ्ट संपली, घरी जा,” अंजुम डोळे पुसत म्हणाली. “मॅडम पण ना! सरकारी बुरशी केली.”

मीही हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले. आतल्या खोलीत मावशी दचकून बाहेर आली. अंजुमने सरांना फोन लावला, तेही फोनवर हसले. मग आम्ही मिसळ मागवली. पैसे कोणी द्यायचे याबद्दल वाद झाला, कारण नियमाप्रमाणे ते आईकडे होते. शेवटी मी तिच्या पर्समधून दिले.

अंजुम गेल्यावर घर शांत होतं. मी भांडी घासली. चमचे पुसताना हात थांबला.

ही खोडी प्रोग्रामला बेफिकीर करत होती. नसलेला इशारा देत नव्हती, असलेला गिळत होती.

मी लॅपटॉप उघडून गिटला विचारलं, ही ओळ कधीची? उत्तर तत्काळ आलं. ओळ आईचीच होती, पण यंदाची नव्हती. दोन हंगाम जुनी होती. सरांनी ‘सुरक्षित’ म्हटलेल्या जुन्या प्रोग्राममध्ये ती जशीच्या तशी बसलेली होती. मी टेस्ट बघितल्या. प्रोग्राम बरोबर चालतो का हे तपासायला आईने काही नमुन्याचे दिवस तयार करून ठेवले होते. त्या सगळ्या दिवसांत पाऊस दुपारी पडत होता, ऑफिसच्या वेळेत.

मग मला आमच्या खेळातली खोच दिसली. दरवर्षी आम्ही खोडी सापडेपर्यंतच वाचायचो. चोर पकडला की कपाटं बंद. मागच्या वर्षी खोडी पहिल्या काही पानांतच सापडली होती आणि आम्ही नाचत मिसळ खायला गेलो होतो. पुढची पानं कोणीच वाचली नव्हती. यंदा आमचं नशीब वेगळं होतं इतकंच. खोडीच्या आधी खरी चूक हाताला लागली, आणि आम्ही पुन्हा कपाटं बंद केली होती.

यंत्रांकडून आलेला एकही आकडा पुसायचा नाही, हा आईचा आणखी एक नियम. त्यामुळे मागच्या हंगामाचं सगळं हवामान संगणकात होतं. ओळ दुरुस्त करून मी ते हवामान प्रोग्राममधून पुन्हा चालवलं. नोव्हेंबरच्या मध्यावर, दिंडोरीच्या बाजूला, ओळीने इशारे उमटले. त्या आठवड्यात प्रत्यक्षात एकही मेसेज गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी अंजुमला हे दाखवलं. तिने स्क्रीनवरची तारीख दोनदा वाचली.

“म्हणजे ही खोडी नाही.”

“नाही.”

“म्हणजे मॅडम...” तिने वाक्य सोडून दिलं. मग हळूच म्हणाली, “ताई, खोडीच समजू दे ना सगळ्यांना. ओळ तर आपण दुरुस्त केली. आता कोणाचं काय बिघडतंय?”

“खरी खोडी अजून आत आहे, अंजुम.”

“ती शोधू. सरांना म्हणू की अजून एकदा वाचतोय, चार दिवस द्या. कारण कशाला सांगायचं?”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. बागाईतदारांना यंदा बरोबर मेसेज जातील, आईचं काम वापरात येईल आणि तिच्या नावावर शेवटची एक झकास खोडी राहील. यात खोटं बोलायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि ते मला येत होतं.

बावीस वर्षांची असल्यापासून मी लोकांना त्यांच्या चुका सांगून पगार घेते आहे. मोठमोठ्या प्राध्यापकांना सांगितल्या, पदकं मिळवलेल्यांना सांगितल्या. आईला कधी नाही. तशी संधीच ती द्यायची नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तर “ओळखलंस! मुद्दाम टाकलं होतं.” चुकीच्या दिवशी लग्नाला जाऊन पोचलो तर “तुम्ही पत्रिका वाचता का ते बघत होते.” आपण हसायचो, आणि हसून झालं की बोलायला काही उरायचं नाही.

शोकसभा आणि हंगामाचा शुभारंभ एकाच दिवशी ठेवले होते. केंद्राच्या सभागृहात बागाईतदार जमले. आईच्या फोटोला हार घातला होता. फोटो कुठल्याशा सहलीतला होता आणि फोटो काढणाऱ्याला तिने नुकतंच काहीतरी ऐकवलंय, असा तिचा चेहरा होता. मी सरांना आधी बाजूला गाठून चार दिवस मागणार होते. पण ते माझ्याआधी माइकवर पोचले.

“मॅडमनी जाता जातासुद्धा आमची परीक्षा घेतली,” ते म्हणाले आणि सरकारी बुरशीची गोष्ट त्यांनी सांगितली. चांगली सांगितली. बारा वाजता घरी जाणारी बुरशी ऐकून सभागृह हसलं. डोळे पुसत हसलं. “मॅडमची ही शेवटची खोडी आमच्या अंजुमने पकडली. आता प्रोग्राम निर्धोक आहे. आजच चालू करू.”

खरी खोडी नंतर सापडली, हे इथेच सांगून टाकते. प्रोग्राम येत्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर सर भाषण करतात बरोबर त्या तासाला, जिल्ह्यातला वारा बंद करणार होता, म्हणजे पानं वाळणार नाहीत, आणि सगळीकडे रोगाचा इशारा देणार होता. सरांना दाखवली तेव्हा ते आधी लालबुंद झाले, मग त्यांनी तिची छापील प्रत मागून घेतली. पण त्या सकाळी हे कोणालाच माहीत नव्हतं. त्या सकाळी सर समाधानाने खाली बसले आणि कारभारी उगले बोलायला उभे राहिले.

कारभारीकाकांना मी ओळखत होते. आईच्या पहिल्या हवामान यंत्राला त्यांनी स्वतःच्या बागेत जागा दिली होती. त्यांना माइक नको होता.

“मॅडमचा मेसेज म्हंजे मेसेज,” ते म्हणाले. “आला की पंप चालू. नाही आला की निवांत झोप. मागच्या साली नोव्हेंबरात माझा खालचा प्लॉट डाऊनीनं गेला. मी मॅडमकडे आलो. म्हन्लं, मॅडम, मेसेज नव्हता तरी रोग आला कसा? त्यांनी मशीनचे आकडे बघितले, प्रोग्राम बघितला. म्हन्ल्या, कारभारी, इथं तर धोका दिसत नाही, आधीच्या फवारणीत काही राहिलं का बघा.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “फवारणी धाकट्या भावाकडं होती. सोपानकडं. मी घरी जाऊन त्याला लय बोललो. त्यो शपथा घ्यायचा, दादा, मी पान न् पान भिजवलं. मी म्हन्लं, मॅडम खोट्या का? दिवाळीनंतर चूल वेगळी झाली आमची. आता समोरून गेला तरी बोलत नाही.” त्यांनी फोटोकडे बघून हात जोडले. “पण मॅडमच्या शब्दावर शंका घेतली नाही कधी. आज त्यांच्यासमोर सांगतो.”

लोकांनी माना डोलावल्या. कोणीतरी हळूच टाळी वाजवली.

माझ्या शेजारी अंजुमने माझा हात धरला. थांबवायला धरला की सोबतीला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि मी नंतर विचारलं नाही. सर खुणेने मला विचारत होते, तुला दोन शब्द बोलायचे आहेत का? मी उठले.

समोर फोटोत आई हसत होती. मला तिचं उत्तर आधीच ऐकू येत होतं: ओळखलंस, कृतू! मुद्दाम ठेवली होती. दोन वर्षं लागली तुम्हाला. आणि या वेळी हसून भागणार नव्हतं.

“दोन शब्द नाहीत, सर,” मी म्हणाले. “आज प्रोग्राम चालू करू नका. खोडी अजून आत आहे.”

“अगं, पण ती बारा वाजताची...”

“ती दोन वर्षांपूर्वीची ओळ आहे. मागच्या हंगामात ती चालू होती.”

सभागृहात खुर्च्या वाजल्या. सरांचे हात पाठीमागे जाता जाता मध्येच थांबले. कारभारीकाका अजून उभेच होते, टोपी हातात घेऊन, कोणाकडे बघावं ते न कळून. मी त्यांच्याकडे वळले. माझा आवाज नेहमीसारखा, पुण्यातल्या ऑफिसात असतो तसाच निघाला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

“कारभारीकाका, नोव्हेंबरातलं तुमच्या यंत्रावरचं हवामान मी पुन्हा तपासलं. तुमची पानं रात्रभर ओली होती. तुम्हाला मेसेज जायला हवा होता, तो गेला नाही. सोपानकाकांनी फवारणीत काही ठेवलं नव्हतं.”

“मंग मॅडम...?” ते म्हणाले.

“माझी आई चुकली,” मी म्हणाले.